चार भेटींत काय होतं?

समुपदेशनासाठी पहिल्यांदा फोन करणारा माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो. फी किती, आणि किती वेळा यावं लागेल. दुसरा प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली येतो. एकदा हे सुरू झालं की संपतच नाही, वर्षानुवर्षं लहानपणीच्या आठवणी उगाळाव्या लागतात, पुढे गोळ्या लागतात, आणि शेजारी कळलं तर चार लोक काय म्हणतील, ही सगळी धास्ती त्या आवाजात असते. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. मानसशास्त्रीय सल्ल्याचा बराच मोठा भाग थोडक्या भेटींचा असतो. एक, तीन, फार तर आठ. पैसे किंवा वेळ अपुरा पडला म्हणून तो आखूड होत नाही, पहिल्यापासून तसाच आखलेला असतो.

घराच्या वाटणीची नोटीस आली की आपण वकिलाकडे जातो. वकील खानदानाचा इतिहास विचारतो, पण त्या नोटिशीला लागेल तेवढाच. थोडक्या मुदतीचा मानसशास्त्रीय सल्ला असाच चालतो. समोर आजार असेलच असं नाही. एखादा अडकलेला निर्णय असतो, बिनसलेलं नातं असतं, नोकरीतला पेच असतो, नुकतंच कोसळलेलं दुःख असतं. ते नेमकं काय आहे हे दोघांनी मिळून शोधायचं, त्यावर काम करायचं आणि थांबायचं. भेटी कमी लागतात त्या प्रश्न नेमका झाल्यामुळे. आणि प्रश्न नेमका करणं हेच यातलं सर्वांत अवघड काम असतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

या पद्धतीची मुळं एका मोठ्या दुर्घटनेपर्यंत जातात. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. तिथले मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना जवळून पाहिलं. शोक कसा उतरतो, कुठे तुंबून राहतो, हे त्यांनी १९४४ मध्ये लिहिलं. पुढे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांनी त्याला जोड दिली, की संकटाचा तीव्र काळ साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो, आणि त्या काळात मिळालेली थोडी मदत नंतरच्या पुष्कळ मदतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. माणूस तेव्हा हललेला असतो, म्हणून वळूही शकतो.

आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. मोशे टालमन नावाचे मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेत काम करत होते. तिथल्या नोंदी चाळताना त्यांना दिसलं, की लोक सर्वांत जास्त वेळा किती भेटींना येतात, तर एका. ते धास्तावले. आपलं काही चुकलं म्हणून लोक परत येत नाहीत, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी त्या न आलेल्यांना फोन लावले. त्यातल्या पुष्कळांनी सांगितलं, की हवं होतं ते एका भेटीत मिळालं, म्हणून आलो नाही. यावरचं त्यांचं पुस्तक १९९० मध्ये आलं. तेव्हापासून पहिली भेट ‘माहिती घेण्यात’ घालवायची नाही, ती कदाचित एकमेव भेट आहे असं समजूनच बसायचं, हे अनेकांनी अंगी बाणवलं.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण अशी माणसं रोज भेटतात.

डोंबिवलीत राहणारी, बँकेत काम करणारी एक बाई. वय त्रेचाळीस. बढती मिळाली आहे, पण बदली नांदेडला. मुलगा दहावीत. सासूबाईंचे गुडघे गेलेले. महिनाभर रात्री तीनला जाग येते ती येतेच. खुर्चीत बसल्या बसल्या त्या म्हणतात, “मला काहीच सुचत नाहीये.”

“आज इथून बाहेर पडताना काय हाती लागलं, तर येणं कामी आलं असं वाटेल तुम्हाला?”

“झोप लागली पाहिजे.” थोडं थांबून, “नाही. हो म्हणायचं की नाही, ते ठरवता आलं पाहिजे.”

समुपदेशक गप्प राहतात. बाहेर लोकलची घोषणा ऐकू येते.

“खरं सांगू? ठरलंय माझं. मला जायचंय. ते घरी सांगता येत नाहीये.”

वीस मिनिटांत प्रश्न दोनदा बदलला. आला तेव्हा तो झोपेचा होता, मग निर्णयाचा झाला, आणि शेवटी मुक्कामाला पोचला तो बोलण्याचा. पहिल्या उत्तरावरच थांबून झोपेसाठी दीर्घ श्वासाचे व्यायाम शिकवले असते, तर चार काय, चाळीस भेटी झाल्या असत्या.

यानंतर बहुतेक समुपदेशक एक साधी पट्टी काढतात. शून्य म्हणजे घरी हा विषय काढणं अशक्य, दहा म्हणजे निवांत बसून सगळं बोलता येतं. आज कुठे आहात?

“तीनवर.”

“तीन का? एक का नाही?”

हा उलटा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळतो. आपल्याला सवय असते ‘दहा का नाही’ या प्रश्नाची. परीक्षेत ब्याण्णव टक्के मिळाले तरी उरलेले आठ कुठे गेले, हे विचारणारी आपली घरं. पण ‘एक का नाही’ असं विचारलं की माणूस स्वतःजवळ काय आहे ते शोधायला लागतो. त्या म्हणतात, “बहिणीला सांगितलंय. ती म्हणाली, जा.” म्हणजे एका माणसाशी बोलता आलं आहे. ते कसं जमलं? फोनवर, दुपारी, घरात कोणी नसताना. मग चारवर जायला काय लागेल? “यांच्याशी आधी एकट्याशी बोलायचं. रविवारी सासूबाई देवळात जातात तेव्हा.” पुढच्या भेटीपर्यंतचं काम ठरलं, आणि ते त्यांनी स्वतःच ठरवलं. अशा प्रश्नांची रीत अमेरिकेत मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने बसवली. त्यांचं केंद्र १९७८ मध्ये सुरू झालं.

दुसऱ्या भेटीत वेगळीच गाठ निघते. “दहावीत मुलाला सोडून गेले तर मी आई कसली?” इथे विचारांवर काम करावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली, त्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. तिचं सार असं, की प्रसंगाइतकाच, किंबहुना जास्तच, त्रास प्रसंगाबद्दलच्या आपल्या हट्टाचा होतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो. ‘मी त्याच्याजवळ असलं पाहिजे’ ही इच्छा झाली, ‘असलंच पाहिजे, नाहीतर मी वाईट आई’ हा हट्ट झाला. तो ‘च’ वाक्यातून काढून पाहायला सांगतात. इच्छा तशीच राहते, स्वतःवर चालवलेला खटला मात्र मागे घेता येतो. मग मुलाला खरंच काय लागेल याचा विचार सुचतो. सकाळी उठवायला कोण, क्लासला सोडायला कोण, सुट्टीत कोणती गाडी.

भाषेबद्दल इथेच सांगून टाकतो. परदेशात राहणारी मराठी माणसं अशा वेळी व्हिडिओ कॉलवर मराठी समुपदेशक शोधतात, यात मला नवल वाटत नाही. वैताग, कोंडमारा, हुरहुर, रुखरुख या चार शब्दांत चार वेगळ्या अवस्था आहेत. ‘टेन्शन’ म्हटलं की चारही एकाच पोत्यात जातात, आणि प्रश्न नेमका करायचा तर आधी पोतं उघडावं लागतं.

थोडक्या भेटी म्हणजे वरवरचं काम, हा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. त्याला सर्वांत ठोस उत्तर आपल्या शेजारून, गोव्यातून आलं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी बोलायला मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांना बसवलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. भर कृतीवर होता. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. बाजार, शेजारी, कीर्तन, शिवण, सगळं सुटतं, आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. ती साखळी उलटी फिरवायची, ठरवून रोज एक लहान गोष्ट करायची, मन लागो न लागो. तीन महिन्यांनी या गटातल्या शंभरातल्या ६४ जणांचं नैराश्य ओसरलेलं आढळलं. आरोग्य केंद्रातली नेहमीची सेवा, थोडी सुधारून, मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तो सल्ल्यापेक्षा उपचाराचा आहे, हे खरं. पण मोजक्या भेटींत किती जोर असू शकतो हे त्यातून कळतं. तरीही आकड्यांची दुसरी बाजू लपवू नये. भेटी आणि सुधारणा यांचा हिशेब मांडणाऱ्या १९८६ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात आठव्या भेटीपर्यंत साधारण निम्म्या लोकांत सुधारणा दिसली होती. उरलेल्या निम्म्यांना जास्त वेळ लागतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

आता या विषयाच्या त्या भागाकडे येतो, जो आपल्याकडे जवळजवळ माहीतच नाही. दुसऱ्यांची काळजी घेणं हेच ज्यांचं काम, त्या माणसांनी घ्यायचा सल्ला. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका, पोलीस, समाजसेवक, कौटुंबिक न्यायालयातले वकील.

वर ज्यांचं नाव आलं ते जेराल्ड कॅप्लन १९४९ मध्ये इस्रायलमध्ये होते. युद्धानंतर आलेली स्थलांतरितांची सुमारे १६,००० मुलं शंभरावर वसतिगृहांत विखुरलेली, आणि मानसशास्त्रीय मदतीला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. एकेक मूल जेरुसलेमला आणून तपासायचं म्हटलं तर प्रतीक्षा यादीच संपेना. तेव्हा कॅप्लन आणि सहकारी उलट वसतिगृहांत जायला लागले, आणि मुलाऐवजी मुलाला सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायला लागले. त्यांच्या ध्यानात आलं, की सांभाळणाऱ्याच्या डोक्यात मुलाचं जे चित्र बसलंय ते थोडं जरी बदललं, तरी त्या मुलाचे दिवस बदलतात. आणि पुढच्या दहा मुलांचेही. यातूनच ‘कन्सल्टेशन’ची, म्हणजे सांभाळणाऱ्याला द्यायच्या सल्ल्याची, कल्पना घडली. यावरचा त्यांचा ग्रंथ १९७० चा.

कॅप्लन म्हणतात, जाणता व्यावसायिक चारपैकी एखाद्या कारणाने अडतो. माहिती कमी पडते, कौशल्य कमी पडतं, आत्मविश्वास कमी पडतो, किंवा तटस्थता सुटते. पहिल्या तिन्हींवर इलाज सरळ आहे. चौथं कारण सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घडणारं.

पुन्हा एक कल्पनेतला प्रसंग. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई सल्लागाराकडे आल्या आहेत. सातवीतला मुलगा शेवटच्या बाकावर डोकं ठेवून झोपतो. “सर, तो मुद्दाम करतो. असली मुलं वायाच जातात.”

इथे सल्लागाराचा कान ‘असली’ या शब्दावर जातो. एका मुलाबद्दल बोलताना बाईंच्या डोळ्यांसमोर तशा मुलांचा एक आख्खा गट उभा राहिला आहे, आणि त्याचा शेवटही ठरून गेला आहे. कदाचित त्यांचा धाकटा भाऊ असाच होता. कदाचित नव्हता. सल्लागार ते विचारत नाही. कॅप्लन यांचा दंडक असा, की सल्ला मागायला आलेल्या सहकाऱ्याला रुग्ण करायचं नाही. बोलणं मुलाबद्दलच ठेवायचं. म्हणून तो एवढंच विचारतो, “कोणत्या तासाला जागा असतो तो?”

बाईंना सांगता येत नाही. आठ दिवसांनी वहीचं एक पान घेऊन येतात. तास, वेळ, झोपला की जागा, सगळं आखून. पहिल्या तीन तासांना पेंगतो. मधल्या सुट्टीत खिचडी खातो. त्यानंतर एकदाही झोपलेला नाही.

“सर, तो उपाशी येतो हो.”

सल्लागार मुलाला कधीच भेटला नाही. त्याने बाईंच्या घरचं काही विचारलं नाही, ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ असं म्हटलं नाही. बाईंनी आपल्या हाताने आखलेल्या त्या पानामुळे ‘असली मुलं’ जाऊन तिथे एक भुकेलं मूल आलं. दोन भेटी झाल्या. पुढे काय करायचं हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती, त्या सल्लागारापेक्षा ते चांगलं जाणतात. आपल्या शाळांना, दवाखान्यांना, पोलीस ठाण्यांना हा आधार मिळायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. रोज दुसऱ्याचं दुःख हाताळणाऱ्याला महिन्यातून एक तास, डोक्यात बसलेली चित्रं तपासून पाहायला. यात चैन कसली?

संस्थांच्या बाबतीत पहिलाच प्रश्न वेगळा असतो. पैसे एक देतो, बोलायला दुसराच बसतो. मग सल्लागार कोणाचा?

मोठ्या कंपन्या आजकाल बाहेरच्या समुपदेशन संस्थेशी करार करतात. प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षात ठरावीक भेटी मोफत. ही प्रथा अमेरिकेत १९४० च्या दशकात दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांसाठी कारखान्यांनी चालवलेल्या कार्यक्रमांतून वाढली. अशा सेवेत कंपनीला फक्त आकडे जायला हवेत, किती जण आले आणि ढोबळमानाने कोणत्या कारणांसाठी. नाव नाही, विभाग नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने बंधन असेल, तेवढाच अपवाद, आणि तोही पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचा. कर्मचाऱ्याने बसण्याआधी बेधडक विचारावं, “मी इथे आलो हे एचआरला कळणार का?” उत्तर देताना समोरचा चाचरला, तर उठून यावं.

संस्था स्वतःच सल्ला मागते तेव्हा मागणी ठरलेली असते. “लोकांना स्ट्रेस आलाय, दोन तासांचं सेशन घ्या.” चांगला सल्लागार लगेच तारीख देत नाही. तो विचारतो, आत्ताच का? मग हळूहळू निघतं, की एकाच विभागातले तिघं सहा महिन्यांत सोडून गेले. त्यांची कामं उरलेल्यांवर आली. रजेचे अर्ज पडून आहेत. रात्री अकरालाही ग्रुपवर मेसेज येतो आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की उत्तर द्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या थकव्याची, म्हणजे बर्नआउटची, व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यामुळे घडणारी गोष्ट, असं म्हटलं आहे. दोष कुठे शोधायचा हे त्यातच आलं. ज्याची रजा अडवून ठेवली आहे त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणं हा मला अन्याय वाटतो. २०२२ मध्ये त्याच संघटनेने दिलेला अंदाज असा, की नैराश्य आणि चिंतेपायी जगभरात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. ते वाचवायचे तर कामाची वाटणी, पाळ्या आणि साहेबांची बोलण्याची पद्धत यांकडेही पाहावं लागतं. इथे सल्लागाराचं काम मालकाला त्याचा खरा प्रश्न दाखवणं हे आहे, आणि ते दोन-तीन बैठकांत होऊ शकतं. मालक ऐकून घेणार असेल तर.

कारखान्यात अपघात झाला, सहकारी गेला, अशा वेळी एक चूक हमखास होते. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं’ ते बोलायला लावतात. हेतू चांगला असतो. पण अशा एका बैठकीच्या सक्तीच्या उजळणीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सांगितले जातात. कोणाला काय हवंय ते बघायचं, बोलेल त्याचं ऐकायचं, आणि गरजेच्या मदतीशी जोडून द्यायचं. घरी सोडायला गाडी, पगाराची खात्री, ओळखीचा माणूस शेजारी. ज्याला गप्प बसायचंय त्याला गप्प बसू द्यायचं.

काही वेळा मात्र थोडक्या भेटींवर भागवणं धोक्याचं असतं. कोणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, झोपेविना दिवसचे दिवस उत्साहाचं उधाण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सुटता न सुटणारं व्यसन, लहानपणापासूनचा अत्याचार. यात लांबचा उपचार आणि बहुतेकदा औषधंही लागतात, आणि हे पहिल्याच भेटीत ओळखून पुढे पाठवणं सल्लागाराचं कर्तव्य आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कोणाकडे जायचं, हे थोडक्यात. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून शिक्षण, अनुभव, आणि ‘किती भेटींनंतर आपण आढावा घेणार’ हे तिथे स्पष्ट विचारावं.

डोंबिवलीच्या त्या बाई चौथ्या भेटीला आल्या तेव्हा पट्टीवर सातला होत्या. शेवटच्या भेटीत एक कागद लिहायचा असतो, आणि तो त्यांनीच लिहायचा. काय केल्याने फरक पडला, आणि कोणती लक्षणं दिसली की सावध व्हायचं. त्यांनी पर्समधलं पेन काढून लिहिलं: ‘रविवारी सकाळी बोलायचं. रात्री बदलीचा विषय काढायचा नाही. बहिणीला बुधवारी फोन. सलग चार रात्री तीनला जाग आली, तर थांबायचं आणि बघायचं.’ कागदाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“आणि परत यावं लागलं तर?”

“फोन करा. नांदेडहूनसुद्धा.”